खोडकर मूल यंत्राला कसे दिसते?

(मनोरी येथील बालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने आम्हांला या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. बँकेतल्या कारकुनाने चित्रकलेवर काय बोलावे? आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत हे खरे. परंतु कला शाखेचा आणि चित्रकलेचा काही संबंध नसतो, ही गोष्ट आमच्या भाचीला अजून पटलेली नाही. 'मामा, तू आर्ट्सचा ना, मग हत्ती काढून दे,' असे ती म्हणाली. आमचा हत्ती पाहिल्यावर मात्र तिने पुन्हा तो विषय काढलेला नाही. तरीही आज उभे राहिलो, याचे कारण असे की या विषयात आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती चार लोकांत सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. ती शेवटी सांगू.

गेल्या पावसाळ्यात स्मरणिकेच्या बैठकीत बालविभागाची चर्चा निघाली. चित्रे हवीत यावर सर्वांचे एकमत झाले. चित्रे कसली, असे विचारल्यावर आमच्या एका ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, 'खोडकर पोरांची काढा.' सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'आपल्या प्रत्येक अंकात पोरगं दिसतं ते हात जोडलेलं, नाहीतर हातात पुस्तक घेतलेलं, नाहीतर गुणवत्ता यादीत आलेलं. आपली पोरं काय जन्मतःच शहाणी असतात?' त्यावर सभेत कोणापाशी उत्तर नव्हते. आम्ही घरी जाऊन जुने अंक चाळले, तर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पंचवीस पानांत एकही मूल झाडावर चढलेले नाही.

चित्रकाराला द्यावयास पैसे नव्हते. तेव्हा बारावीतील एका विद्यार्थ्याने मार्ग सुचवला. मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आहे, त्याला काय हवे ते लिहून सांगितले की अर्ध्या मिनिटात चित्र मिळते, आणि तेही फुकट. कारकुनाला फुकट या शब्दाचा संशय येतो. पण आम्ही होकार दिला.

पहिल्या रविवारी विहाराच्या ओट्यावर दहा-बारा मुले जमली. 'खोडकर मुलगा' एवढेच लिहिले. चित्र आले. गोबरे गाल, पिंगट कुरळे केस, नाकावर बारीक ठिपके, एक भुवई वर, जीभ बाहेर. मागे लाल विटांचे घर आणि कापलेली हिरवळ. एक मुलगी म्हणाली, 'हा आपल्याकडचा नाही.' मग तिने पुढे शब्द जोडले: मुंबईजवळचे मनोरी, खाडीकाठचे कोळी गाव. दुसरे चित्र आले. आता मुलगा सावळा झाला, हे ठीक. पण त्याचा सदरा फाटला, गालावर मळ आला, मागे परदेशी थाटाचा दीपस्तंभ उभा राहिला, आणि बोंबलांच्या जागी रावसासारखे मोठमोठे मासे दोरीला चिमटे लावून टांगलेले दिसले! त्यावर पोरे पोट धरून हसली. ज्यांच्या अंगणात बांबूला ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत असतात, त्यांना हसू येणारच.

परंतु त्या हशात एक गोष्ट आमच्या नजरेत राहिली. पहिल्या चित्रातला मुलगा नक्की काहीतरी खोडी करून पळणार होता. दुसऱ्या चित्रातला मुलगा मोठ्या करुण डोळ्यांनी आपल्याकडे नुसता पाहत होता. शब्द तोच होता. पत्ता बदलला, तशी खोडी गेली आणि गरिबी आली.

असे का व्हावे? यंत्र कुणाचा द्वेष करीत नाही, त्याला जातही कळत नाही. विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे म्हणून थोडे सविस्तर सांगतो. अशा यंत्राला आधी कोट्यवधी चित्रे आणि त्या प्रत्येकाखालील मजकूर दाखवला जातो. मग त्या चित्रांवर मुद्दाम वाळू फेकावी तसे ठिपके टाकून ती बिघडवली जातात, आणि कोणते ठिपके उपरे आहेत हे ओळखावयास यंत्राला शिकवले जाते. हे करोडो वेळा झाले की त्याला सवय लागते. शेवटी त्याच्यापुढे नुसतेच ठिपके ठेवून 'यात एक खोडकर मुलगा आहे' असे सांगितले, की ते एकेक थर पुसत मुलगा बाहेर काढते. जानेवारीच्या पहाटे आपण धक्क्यावर उभे असतो, खाडीवर दाट धुके असते, तरी आपण म्हणतो, 'ती बघ, बोट निघाली.' कारण बोट कशी असते हे आपल्या डोळ्यांनी हजार वेळा पाहिलेले असते. ज्याने आयुष्यात फक्त आगगाडीच पाहिली आहे, त्याला त्या धुक्यात आगगाडी दिसेल. यंत्राचेही तसेच आहे. त्याला आधी जे दाखवले, तेच त्याला धुक्यात दिसते.

आता त्याला दाखवले काय? २०२२ साली लायॉन-५बी नावाचा एक प्रचंड संच खुला करण्यात आला. त्यात चित्र आणि त्याखालील मजकूर अशा सुमारे ५८५ कोटी जोड्यांची नोंद होती, आणि त्यातील सुमारे २३० कोटी जोड्या एकट्या इंग्रजी मजकुराच्या होत्या. स्टेबल डिफ्युजन हे प्रसिद्ध यंत्र अशाच संचाच्या भागांवर तयार झाले. म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, एखाद्या पोराच्या चित्राखाली 'खोडकर' लिहिले, आणि दुसऱ्या पोराच्या चित्राखाली 'झोपडपट्टीतील मूल' लिहिले. दुसरे पोर त्या क्षणी कदाचित मित्राच्या चड्डीत खेकडा सोडून आले असेल. पण छायाचित्र काढणारा त्यासाठी आलेला नव्हता. तो दारिद्र्य टिपावयास आला होता.

हे केवळ आमच्या ओट्यावरचे निरीक्षण नव्हे. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने २०२३ साली मिडजर्नी या यंत्राकडून निरनिराळ्या देशांची हजारो चित्रे काढून घेतली. त्यात 'भारतीय माणूस' म्हटले की जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला म्हातारा पुरुष आला. याचा अर्थ आमच्या समोर बसलेल्या या भगिनी, ही मुले आणि आम्ही स्वतः, यांतले कुणीही त्या यंत्राच्या लेखी भारतीय नव्हते.

मित्रहो, यंत्राची ही सवय आम्हांला नवी वाटली नाही, हे कबूल करावयास हवे. आम्ही सहावीत असताना शाळेची घंटा वाजवायची लाकडी मोगरी आम्ही दोघा मित्रांनी लपवली. कल्पना मित्राची होती, आम्ही फक्त जिन्यात पहारा केला. दुपारची सुट्टी वाजेना, सबंध शाळा वर्गात अडकली. पकडले गेल्यावर मित्राच्या कानाला हलका चिमटा बसला आणि गुरुजी हसत म्हणाले, 'मोठा खट्याळ आहेस हं!' मग आमच्याकडे वळून म्हणाले, 'शेवटी वळणावर गेलासच.' आमच्या वडिलांना एक दिवसाची मजुरी बुडवून शाळेत यावे लागले. मोगरी एकच, खोडी एकच. एकाची खोडी वयामुळे झाली, दुसऱ्याची वळणामुळे. त्या मित्राला आजही हा प्रसंग गमतीचा म्हणून आठवतो, आणि यात त्याचा काही दोष नाही.

आपल्या मराठीत या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत पाहा. खोडकर, खट्याळ, अवखळ, व्रात्य, द्वाड, वांड, उपद्व्यापी, टवाळ, उनाड. यांतला अवखळ म्हणताना आई हसते, आणि उनाड म्हणताना शेजारी नाक मुरडतो. मूल तेच असते. शब्द कुणाच्या तोंडून निघतो यावर सगळे अवलंबून आहे. मुलांनी हे सर्व शब्द एकामागून एक यंत्राला घालून पाहिले. बहुतेक वेळा तोच गोबऱ्या गालांचा मुलगा थोडी भुवई हलवून परत आला. इंग्रजीतला नेहमीचा शब्द टाकला, तेव्हा एकदा तर यंत्राने चित्र काढावयासच नकार दिला. मुलींनी कारण विचारले. त्या इंग्रजी शब्दाला मोठ्यांच्या जगातला एक हलका अर्थही चिकटलेला आहे, आणि मुलांच्या बाबतीत असली चित्रे करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे, म्हणून यंत्र सावध राहते, असे आम्ही सांगितले. या एका बाबतीत आम्ही यंत्राच्या बाजूने आहोत.

मग आम्ही ग्रंथालयात जाऊन थोडे वाचन केले. खोडकर मुलांची जी चित्रे जगात टिकली, त्यांच्या मागे बहुधा एखादे खरे मूल असते. अमेरिकेत हँक केचम यांनी १२ मार्च १९५१ रोजी 'डेनिस द मेनेस' सुरू केले, ते स्वतःच्या चार वर्षांच्या डेनिस नावाच्या मुलावरून. आपल्याकडे १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला, आणि घरोघरी सकाळच्या चहाबरोबर वाचला जाऊ लागला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी ती कात्रणे वहीत चिकटवली असतील. आम्ही चिकटवली होती. चिंटूच्या चेहऱ्यावर फारशा रेषाच नसतात. खोडी चेहऱ्यात नसते. पहिल्या चौकटीत तो काय म्हणतो आणि शेवटच्या चौकटीत पप्पांचे तोंड कसे होते, त्यांच्या मधल्या जागेत ती असते. यंत्राला खोडी म्हणजे वर गेलेली भुवई वाटते.

गोव्याचे थोर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. आईने मारले नाही, कोरी वही आणून दिली. पुढे पाद्र्यांची चित्रे काढली म्हणून शाळेत बोलणी खाल्ली. भिंत रंगवणारे मूल हे पुष्कळ घरांत असते. वही आणून देणारे माणूस सगळ्याच घरांत नसते.

यावरून मुलांना एक युक्ती सापडली, ती आमची नव्हे, त्यांचीच. 'खोडकर' हे विशेषण लिहूच नये, कृती लिहावी. 'एक मुलगी झोपलेल्या आजोबांच्या चष्म्याच्या काचांना हळद लावते आहे' असे लिहिल्यावर प्रथमच चित्रात जीव आला. गाव सांगितले तरी सदरा फाटला नाही. चष्म्याची काडी कानात न जाता गालात घुसली होती, तो भाग वेगळा. मग दर रविवारचा तो खेळच झाला. चित्र छापून आणायचे आणि चुका पेन्सिलीने सुधारायच्या: इथे सहावे बोट, इथे होडीला वल्हे नाही, इथे ओहोटीतही खाडी भरलेली. इयत्ता सातवीच्या एका मुलीने अशा चौदा चुका काढल्या. यंत्राला शिव्या देऊन काही होत नाही. त्याचे चित्र तपासावयास बसले, की आपलेच गाव आपण नव्याने पाहू लागतो.

याच ओघात बाबासाहेबांच्या बालपणाचा विषय निघाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हा लहान भीमा हट्टी होता, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. भर पावसात छत्रीशिवाय शाळेत जाऊन दाखवीन, या ईर्ष्येने तो नखशिखान्त भिजून वर्गात गेला. पेंडसे गुरुजींनी त्याला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ करावयास लावली, लंगोटी नेसावयास दिली, आणि तसेच वर्गात आणून बसवले. पुढे एकदा मुंबईला पळून जाऊन गिरणीत नोकरी करावी म्हणून त्याने शेजारी झोपलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी लांबवण्याचा बेत केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत फक्त अर्धा आणा! ही हकीकत खुद्द बाबासाहेबांनीच पुढे सांगितली. ज्या मुलाला शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, त्याच्या खोडीकडे त्या पावसाच्या दिवशी एका शिक्षकाने खोडी म्हणून पाहिले, हे आम्हांला फार मोठे वाटते.

मुलांनी हा भिजलेला भीमा यंत्राकडून काढून घेण्याचा प्रयत्न केला. नाव लिहिताच नऊ वर्षांच्या पोराला निळा कोट चढला, डोळ्यांवर चष्मा आला आणि हातात जाड पुस्तक आले. पुतळा तेवढा लहान करून दिला! नाव काढून टाकले, तर पुन्हा तो करुण डोळ्यांचा मुलगा. राहुलाचेही तेच झाले. राहुलाने खोटे बोलू नये म्हणून तथागतांनी पाय धुण्याच्या भांड्यातले उरलेले पाणी दाखवून, ते ओतून, भांडे पालथे करून त्याला समजावले, आणि या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाच्या भाब्रू येथील शिलालेखातही आहे. यंत्राने दिला तो मोटारीच्या काचेपाशी ठेवतात तसला गुबगुबीत, डोळे मिटलेला बाहुला. त्याने कधी थाप मारली असेल, असे कुणाला वाटेल?

आता आमची चूक. पाचवीतला एक मुलगा आहे. रविवारी वंदना चालू असताना तो गुपचूप बाहेर जाई आणि सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या मोडून नव्या जोड्या लावी. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा, पण मापाला माप जुळवून. वंदना संपली की अर्धा तास गोंधळ. एकदा आमच्यातील कुणीतरी त्याला रंगेहाथ पकडून फोटो काढला. संध्याकाळी तो फोटो यंत्राला देऊन त्याचे व्यंगचित्र करण्यात आले. फोटो कुणी काढला, कुणी यंत्राला दिला, ही चौकशी आता कशाला? चित्राखाली 'चप्पलचोर' हे नाव आम्ही सुचवले आणि ते सदस्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आम्हीच टाकले. चित्रात यंत्राने त्याला अधिक काळा केला होता, पाठीवर गाठोडे दिले होते, चेहरा पळणाऱ्या चोराचा केला होता. आम्ही हसलो. वर्षभर ज्या गोष्टीबद्दल यंत्राला दोष देत होतो, ती आमच्या बोटाखालून गेली तेव्हा आम्हांला ती दिसली नाही.

पुढचे तीन रविवार मुलगा आला नाही. चौथ्या रविवारी त्याची आजी आली. म्हणाली, 'भाऊ, त्यानं एक तरी चप्पल घरी नेली का? मग चोर कशापायी केलात?'

आम्ही चित्र पुसले. पण ते तोवर शाळेच्या गटात आणि गावाबाहेर गेले होते. बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून खाते सरळ करता येते. येथे तसे काही नाही. २०२४ साली ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने दाखवून दिले की, ब्राझीलमधील मुलांचे घरगुती फोटो त्या लायॉनच्या संचात जाऊन बसले होते आणि त्यांच्या घरच्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. आमच्यासारख्यांच्या घरगुती उद्योगाला तो कितपत लागू पडतो, हे वकील सांगतील. आम्ही आजीला विचारले नव्हते, एवढे आम्हांला ठाऊक आहे. तेव्हापासून आमच्या ओट्यावर कोणत्याही मुलाचा फोटो यंत्राला दिला जात नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याची माफी मागितली. मोठ्या माणसाने माफी मागितली की मूल अवघडते, तसा तो अवघडला. स्मरणिकेत तुझे चांगले चित्र देऊ, असे म्हटल्यावर म्हणाला, 'मला नका काढू. मीच काढतो.' आमच्या खिशात पैसे भरण्याच्या कोऱ्या स्लिपा होत्या, त्या त्याला दिल्या. पुढच्या रविवारी त्याने चार स्लिपा पाठीमागून चिकटवून एक चित्र आणले. त्यात माणूस एकही नाही. विहाराची पायरी आणि तिच्यापुढे चपलाच चपला, सगळ्या चुकीच्या जोड्यांत. अध्यक्षांचे काळे बूट, भगिनींच्या निळ्या स्लिपा, कुणाचा बंद तुटलेला, कुणाची टाच झिजलेली. अंगठ्यापाशी शिवलेली आमची चप्पल आम्हांला लगेच ओळखू आली. ती भन्तेजींच्या रबरी चपलेशेजारी होती.

ते चित्र बालविभागाच्या पहिल्या पानावर छापणार आहोत. खाली नाव घालू नका असे त्याने बजावले आहे. 'आपापली ओळखा' एवढेच लिहा म्हणाला.

जयभीम. नमो बुद्धाय.